पाटे, शॉकअप आणि मिग्दालियाची कंबर

३ मार्च, सोमवार
मिग्दालिया आज बहिणीकडे गेली, शेजारच्या गावी, पाल्मीराला. थोड्या दिवसांसाठी. कंबर धरली आहे तिची. कारण उघड आहे: कोन्देसा. त्रेपन्न सालची अमेरिकन गाडी, वडिलांनी ठेवलेली. दिसायला अजून खानदानी, पण मागच्या चाकांवरचे पोलादी पाटे बसलेत, पुढच्या स्प्रिंगा थकल्यात आणि शॉकअप नावालाच उरलेत. खड्डा आला की दात वाजतात.

मी सोडतो म्हटलं तर म्हणाली, घोडागाडीने जाईन पण तुझ्या गाडीत बसणार नाही. आणखी म्हणाली की गाडीचा काही संबंध नाही, मला तुझाच कंटाळा आलाय, एलादिओ. दुखणं असलं की बायको असंच बोलते.

जाताना पंखा नेला, राइस कुकर नेला, नखं रंगवायची पेटीसुद्धा नेली. बरोबर आहे. तिकडे वेळ कसा जायचा?

संकल्प: रविवारपर्यंत गाडी अगदी पिसासारखी करायची आणि तिला घरी आणायचं.

४ मार्च
शाळेत भूगोलाचे दोन तास शिकवून थेट इदाल्बेर्तोच्या अंगणात. हा तरुणपणी मिन्स्कला वेल्डिंग शिकून आला आणि तेव्हापासून दर वाक्य मिन्स्कपासून सुरू करतो. पण आमच्या सिएनफुएगोस शहरात पाट्यांचं काम करणारा दुसरा कोण आहे?

अंगणात गर्दी. रीतसर विचारलं, शेवटचा कोण? पिवळ्या टोपीवाल्याने हात वर केला. त्याच्या मागे मी. नंबर पक्का. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की कोपऱ्यावरच्या दुकानात कोंबडी आलीय. म्हटलं, नंबर तर लागलाच आहे, तिकडेही लावून येऊ. तिकडेही विचारलं, शेवटचा कोण? माझ्यापर्यंत येईतो कोंबडी संपली. परत आलो तर पिवळी टोपी घरी गेलेली आणि मला कुणी ओळखेना. वॉशिंग मशीनची मोटार मांडीवर घेऊन बसलेल्या एका बाईला सांगितलं की मी पिवळ्या टोपीच्या मागे होतो. म्हणाली, मग जा ना बाबा पिवळ्या टोपीच्या मागे.

या देशात शिस्त उरली नाही. उद्या लवकर जायचं.

५ मार्च
उठायला उशीर झाला. पंखा नसल्याने झोप लागत नाही.

७ मार्च
फोन केला. मेहुणीने उचलला. नेरेइदाचं माझ्याशी कधी पटलं नाही. म्हणाली, ताईचे हात मोकळे नाहीत. लसूण सोलत असणार. बहिणीकडे जाऊनसुद्धा बाई राबतेच आहे. मन भरून आलं.

९ मार्च, रविवार
कोन्देसा इदाल्बेर्तोच्या अंगणात विटांवर. चारी चाकं बाहेर. म्हणजे प्रगती आहे. रविवारचा वायदा पुढच्या रविवारवर. मिग्दालियाला अजून कळवलंच नव्हतं, तेव्हा वायदा मोडला असं म्हणता येणार नाही.

नवे शॉकअप मिळत नाहीत. कुणालाच मिळत नाहीत. जुने कापायचे, आत नवं तेल भरायचं, वायसर बदलायच्या, पुन्हा वेल्ड करायचं. तेल कुठून आणलं ते विचारायचं नाही असं आमचं ठरलं. वायसरसाठी जाड रबर मात्र माझं मी आणायचं. सगळं घर पालथं घातलं. शेवटी पलंगाखाली मिग्दालियाच्या रबरी चपला सापडल्या. निळ्या. घालून घालून टाचेचा ठसा उमटलाय. इदाल्बेर्तो म्हणाला, मिन्स्कमध्येसुद्धा असं रबर बघितलं नाही. त्याने कात्री लावली तेव्हा मी जरा बाहेर जाऊन उभा राहिलो.

आल्यावर तिला नव्या घेऊ.

१३ मार्च
पाटे आले! रशियन ट्रकचे. माझ्या पाट्यांच्या दुप्पट जाड. इदाल्बेर्तोला शंका होती. मीच हट्ट धरला, की आता जन्मात पुन्हा बसायला नकोत.

संध्याकाळी बसवले. जॅक काढला. गाडीचं ढुंगण आभाळात, नाक रस्त्यावर. दिवे लावले तर प्रकाश बंपरपुढे सरकेना. घरी आणली तर शेजारच्या सोराइदाकाकू गॅलरीतून ओरडल्या, एलादिओ, तुझ्या गाडीचं खाली काय पडलंय रे, मघापासून शोधतेय बिचारी? सगळी गल्ली हसली. मी वर न बघता आत गेलो. नवे पाटे काही दिवस ताठच असतात.

१४ मार्च
डिकीत वाळूची पोती टाकली. मागची बाजू बसली. आता दिसायला झकास. चालवायला बैलगाडी. पोती काढायची की ठेवायची यावर विचार चालू. वीज नाही, त्यामुळे वेल्डिंग नाही, त्यामुळे विचारच.

१६ मार्च, रविवार
पाल्मीराला निघालो. पोत्यांसकट. नवा शर्ट. साखर कारखान्याच्या वळणावर एक खड्डा आहे, मला तो चांगला ठाऊक आहे. त्यातच गेलो. मागच्या शॉकअपने पिचकारी मारली, सगळं तेल रस्त्यावर. एका ट्रॅक्टरवाल्याने ओढत परत आणलं. वाटेत त्याने विचारलं, कुठे निघाला होतात? म्हटलं, बायकोला आणायला. त्याने ट्रॅक्टर जरा हळू केला. भला माणूस.

सोराइदाकाकूंना आयतीच करमणूक.

१८ मार्च
आज मिग्दालिया स्वतः फोनवर आली! आवाज चांगला वाटला, जरा जास्तच चांगला. मी पाट्यांचं सांगायला लागलो तर म्हणाली, एलादिओ, एकदा तरी गाडी सोडून दुसरं काहीतरी बोल. मला बोलायचं होतंच. बराच वेळ आठवत राहिलो. ती वाट बघत होती, मला ऐकू येत होतं. मग मी बुशांबद्दल सांगितलं. बुश हा वेगळा भाग आहे.

तिने फोन ठेवला. लाइनचा घोटाळा असणार.

२३ मार्च, रविवार
आमच्या लग्नाचा वाढदिवस. आजचा मुहूर्त गाठायचा होता. इदाल्बेर्तोकडे वेल्डिंगला वीज नाही. मी एकट्याने भात केला, कुकर नाही म्हणून पातेल्यात, तो खाली लागला. घर फार शांत आहे. पूर्वी मला शांतता हवी असायची, तसं तिला अनेकदा बोललोही होतो. आता मला ती आवडत नाही.

दोष कुणाचाच नाही. रस्ते वाईट आहेत.

२६ मार्च
वीज आली! इदाल्बेर्तोने ट्रकच्या पाट्यांतल्या मधल्या दोन पट्ट्या काढल्या, शॉकअप पुन्हा वेल्ड केले, उरलेल्या चपलेच्या दुहेरी वायसर घातल्या. मी दिवसभर गाडीखाली. हात कोपरापर्यंत काळे. नखांत ग्रीस गेलंय, साबणाने निघत नाही. पोती काढली. कोन्देसा सरळ उभी राहिली. मला रडू आलं, तर इदाल्बेर्तो म्हणाला, मिन्स्कमध्ये आम्ही असल्या वेळी दारू प्यायचो. इथेही तेच केलं.

३० मार्च, रविवार, सकाळ
तिच्या सीटवर एक कच्चं अंडं ठेवलंय. सुटं. फुटलं नाही तर सिद्ध झालं. मग तिला नाही म्हणायला जागाच नाही.

३० मार्च, संध्याकाळ
फुटलं नाही. कारखान्याचा खड्डासुद्धा कळला नाही. आयुष्यात इतकी चांगली गाडी मी चालवली नव्हती.

नेरेइदाच्या घराबाहेर ओसरीत बायका बसलेल्या. वाटलं, कुणी गेलं की काय. पण बायका हसत होत्या. काय करावं सुचेना, तेव्हा सवयीने विचारलं, शेवटचा कोण? केसांना रोलर लावलेल्या एकीने बोट वर केलं. मी तिच्या मागे बसलो. हळूहळू कळलं. आत मिग्दालिया नखं रंगवते. रोज. एका बाईने सांगितलं, पाल्मीरात हिच्यासारखा हात कुणाचा नाही, पूर्वी कुठे होती कोण जाणे.

या वेळी नंबर सोडला नाही.

आत माझाच पंखा फिरत होता. तिने वर बघितलं, मग माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, बस. मी अंडं दाखवलं. सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि अंडं नेरेइदाकडे दिलं. नेरेइदा ते स्वयंपाकघरात घेऊन गेली.

मग मिग्दालियाने माझा हात हातात घेतला. गरम पाण्यात धरला. एकेक नख कोरून ग्रीस काढलं. घाई केली नाही. किती वर्षांत तिने असा हात धरला नव्हता, की मीच दिला नव्हता, आठवत नाही. मी म्हटलं, कंबर कशी आहे? म्हणाली, कंबर कधीच दुखत नव्हती, एलादिओ. तुला तेच ऐकू आलं. मग म्हणाली, माझ्या निळ्या चपला राहिल्यात तिकडे, पाठवून दे. मी म्हटलं, गाडीतच आहेत. खोटं नव्हतं.

दुसरा हात झाला. तिने पुसला, माझ्या मांडीवर परत ठेवला. सगळ्यांकडून घेते तेवढेच पैसे माझ्याकडूनही घेतले आणि दाराकडे बघून म्हणाली, पुढची कोण?

परत येताना चार बायका गाडीत बसल्या, सिएनफुएगोसच्या. रोलरवाली पुढे, मिग्दालियाच्या जागेवर. सगळ्या वाटभर म्हणत होत्या की भाऊ, गाडी आहे की पाळणा. एक तर झोपलीच.

रात्र
पाटे उत्तम आहेत. शॉकअप उत्तम आहेत. कशालाही हात लावायची गरज नाही.

पण नखं फार स्वच्छ झालीत. उद्या शाळा सुटली की मागचे पाटे पुन्हा खोलायला घेतो.