सहावी मूठ

शनिवार, १३ ऑगस्ट १९९४. शिंदखेडा

सहा! पाच नाही, सहा. मी स्वतः मोजल्या.

बेबाबाई — माझी धाकटी जाऊ — नेमकी आज बाहेरची झाली, म्हणून श्रावणात घरोघरी बसणाऱ्या कानबाई देवीच्या गव्हाचं सूप माझ्या हातात आलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा. एरवी मी शाळेचं निमित्त सांगून रविवारी उगवते, पुरणपोळी हाणते आणि सोमवारी कानबाई विसर्जनाला नदीवर गेली की पॅसेंजर पकडून जळगावला पळते. सासूबाई — मी आत्याबाई म्हणते — कधी बोलल्या नाहीत. मनात काय असेल ते असो.

रोटाच्या — कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळीच्या — गव्हाची रीत अशी: घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. दार लोटायचं, सासूने मूठ भरायची, सुनेने सूप धरायचं. पुरुषांच्याच नावाने हं! दळायचं, मळायचं, भाजायचं बायकांनी, आणि मूठ कोणाची? तर मोतीलालच्या शेंबड्या पोरांची. मागे महिला मेळाव्यात मी यावर दहा मिनिटं बोलले होते. टाळ्या पडल्या होत्या.

घरात पुरुष पाच. चुलत सासरे हिलाल आबा, आमचे हे, दीर मोतीलाल आणि त्यांची दोन पोरं. आत्याबाईंचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने दुधाळ झालेत, पण हात चुकत नाही. "हिलाल लोटन" — सव्वा मूठ. "लीलाधर देवचंद" — यांची सव्वा मूठ. असं करत पाच झाल्या. मी सूप उचलायला गेले तर माझं मनगट धरलं. "हालू नको."

मग सहावी भरली. ओठ हलले, आवाज नाही. मूठ रिकामी केली, वरून पाव मूठही टाकली, एक दाणाही न सांडता.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"बठ्ठासना झाया," म्हणाल्या; सगळ्यांच्या झाल्या. दार उघड म्हणाल्या.

मेला कसला तरी नवस असेल. पण मला काही केल्या चैन पडेना.

रविवार, १४ ऑगस्ट

पूजा झाली, गाणी झाली. रोट वाटले. पाच पुरुषांचे पाच भाग, सहावा चुलीमागे टोपल्याखाली. मी लक्ष ठेवूनच होते.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर आत्याबाईंनी मला मागच्या खोलीत बोलावलं. टोपल्याखालचा तुकडा माझ्या हातात कोंबला. "हाई तू खाय. कोनले देवू नको."

आणि मला एकदम आठवलं — दरवर्षीच देतात की! दरवर्षी असंच, मागच्या खोलीत, पदराआडून. मी कधी विचारलंच नाही. चहासोबत खाऊन टाकत आले.

बेबाबाई मागच्या ओट्यावर वेगळी बसलेली. तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, सहावी मूठ कधीपासून गं?

"धाकलं जनमनं तैन्हपासीन पाचच व्हत्यात. मंग तुम्ही आजारी पडनात ना अक्का, दिवाईना टाईमले? त्याना पुढना सालपासीन सहा."

सत्त्याऐंशीची दिवाळी! माझ्या तोंडातला घास तिथेच राहिला. उरलेला तुकडा रुमालात बांधला. रोट टाकायचा नसतो म्हणतात. मी हे असलं कधीपासून मानायला लागले?

मंगळवार, १६ ऑगस्ट. जळगाव

लिहून टाकते. सात वर्षं या वह्यांनाही सांगितलं नाही.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीत मला कावीळ झालेली नव्हती. मला दिवस होते. मंजूनंतर अकरा वर्षांनी. परगावी जाऊन सुईची चाचणी केली — त्या गावाचं नाव इथेही लिहिणार नाही. मुलगी निघाली. चौथ्या दिवशी मोकळी होऊन आले. घरी सांगितलं, कावीळ. उसाचा रस पीत दहा दिवस पडून राहिले.

आणि कोणी जबरदस्ती केली नव्हती. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं ते खरं. आत्याबाईंना दिवस असल्याचंच माहीत नव्हतं. हे म्हणाले, "तू म्हणशील तसं." मी म्हटलं, एक मुलगी आहे, पुरे, आता झाला तर मुलगा. मीच म्हटलं! मी याला 'माझा निर्णय' म्हणत होते. छान शब्द होता.

चार महिन्यांनी, आठ मार्चला, मी जळगावात कलेक्टर कचेरीसमोर उभी होते. हातात पाटी: गर्भजल चाचणी बंद करा. सगळ्यांत पुढे मी, सगळ्यांत मोठा आवाज माझा. पेपरात फोटो आला. महिला समितीच्या बायका म्हणाल्या, लताबाई, काय पेटला होतात! पेटले होतेच. का, ते त्यांना काय माहीत.

यांच्याशिवाय कोणाला माहीत नाही. मग आत्याबाई कोणाची मूठ घालतात? आणि तिचा रोट मला का खायला घालतात?

मंगळवार, संध्याकाळ

यांना विचारलं. "आईला सांगितलंत?" पेपर खाली घेऊन माझ्याकडे बघत राहिले. "वेडी झालीस का? आपण तर एकमेकांशीही बोललो नाही त्यावर."

ते खोटं बोलत नाहीत. बोलता येत नाही त्यांना. तेच तर वाईट झालं.

सोमवार, २९ ऑगस्ट

जेवायला ताटं मी वाढली. मंजू हसली — "मम्मी, पाहुणे कोण येणारेत?"

चार ताटं होती.

रविवार, १८ सप्टेंबर

मंजूशी भांडण. एफ.वाय.ला गेली आणि जीभ धारदार झाली पोरीची! माझ्यावरच गेली, तक्रार कोणाकडे करू.

ती कॉलेजच्या अंकासाठी कानबाईच्या मुठींवर लेख लिहितेय. मीच कौतुकाने सांगितलं होतं, आपण बायकांसाठीही मुठीची मागणी केली पाहिजे म्हणून. तर म्हणते, "मागायची कशाला? तुमच्या पिढीचं हेच. सगळं मागायचं. मोर्चा काढायचा, निवेदन द्यायचं, पुरुषांच्या रांगेत आम्हालाही उभं करा म्हणायचं. मला नकोच ती मूठ. मूठभर गव्हाने मी माणूस ठरणार का?"

मी म्हटलं, बाई गं, आम्ही मागितलं म्हणून तू आज नको म्हणू शकतेस. ते तिला पटलं बहुतेक. पण मग विषय चाचणीवर गेला. म्हणाली, "गर्भपात हा बाईचा हक्क, त्याला कोणी हात लावायचा नाही. पण मुलगी आहे म्हणून पाडणं हा हक्क नाही. ती बाई तिच्या सासूचंच काम स्वतःच्या हाताने करते."

मी भाजी ढवळत होते. पाठ होती म्हणून बरं.

"तुझा फोटो टाकणार आहे लेखात," म्हणाली. "अठ्ठ्याऐंशीचा. पाटी घेतलेला."

नको म्हटलं. का, म्हणाली. मला त्या फोटोतली बाई समजूनच ही मोठी झाली. हिच्या नजरेतून उतरले तर माझ्याजवळ दुसरं काय आहे?

गुरुवार, २४ नोव्हेंबर

आठवी ब. हजेरी घेतली. चाळीस मुली. पटावर चाळीस. बाकांवर मोजल्या, एक्केचाळीस.

पुन्हा मोजल्या — चाळीस. "बाई, काय झालं?" पहिल्या बाकावरची विचारते. काही नाही, भूगोल काढा.

असती तर आत्ता पहिलीत असती. आठवीत नाही. हेही मी मोजूनच बसलेय!

रोटाचा तो तुकडा डब्यात ठेवलाय, अजून तसाच आहे. बुरशी नाही, मुंगी नाही. डबा वरच्या फळीवर, डाळींच्या मागे ढकलला.

मंगळवार, १७ जानेवारी १९९५

आत्याबाईंच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आज झालं, इथेच जळगावात. मोतीलाल सोडून गेला. महिनाभर आमच्याकडे.

आत्याबाई घरात आल्यापासून मी नीट श्वास घेतलेला नाही. पट्टी बांधून कॉटवर बसतात, आणि मी ज्या बाजूला जाईन तिकडे मान वळते.

शुक्रवार, २० जानेवारी

सांगून टाकलं.

दुपारी दोघीच होतो. मी डोळ्यात औषध घालत होते. त्या म्हणाल्या, "तुनं ध्यान कोठे शे, माय?" बस. एवढ्यावर मी फुटले. म्हटलं, आत्याबाई, तुम्हाला ठाऊक आहे, मला माहितीये. ती सहावी मूठ. किती वर्षं मला असं खाऊ घालणार आहात? एकदा तोंडावर बोला, थोबाडीत मारा, पण बोला. आणि मग सगळं सांगितलं. सुई, चौथा दिवस, कावीळ. कोणी जोर केला नव्हता तेही. रडत होते, नाक पुसत होते, औषधाची बाटली हातात तशीच.

त्यांनी मध्ये एकदाच विचारलं. "कितला महिना?"

"साडेचार."

गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. मग त्या बोलल्या, अगदी हळू, जसं लहान पोराला समजावावं —

"माले कसं माहीत ऱ्हाई, माय? माले कोन सांगाव?"

मी म्हटलं, मग ती मूठ?

"ती तुन्ही मूठ व्हती."

माझी!

पेपरातल्या फोटोखालचं हिलाल आबांनी त्यांना वाचून दाखवलं होतं, नावासकट. "इतला मानसेसना मोऱ्हे उभी ऱ्हायनी," म्हणाल्या. "पोरीस्नासाठे भांडनी. मना जनमम्हा मी उंबरठावर उभी ऱ्हाईसन बोलनू नई. मंग म्हनं, हिन्ही मूठ नको का? कानबाई बी बाईच शे ना." बाईच्या नावाने मूठ घालायची रीत नाही, म्हणून नाव नुसतं ओठात. आणि माझा वाटा मला, चोरून. आबांना कळलं असतं तर रोट बाटला म्हणाले असते. सात वर्षं ही अडाणी बाई माझ्यासाठी रीत मोडत होती, आणि मी मेळाव्यात तिच्या रितीवर भाषण करत होते.

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय काढून घेतले नाहीत. डोक्यावर हातही ठेवला नाही. म्हणाल्या, चहा टाक.

शनिवार, २१ जानेवारी

सकाळपासून नेहमीसारख्या आहेत. मंजूकडून केस विंचरून घेतले, गावाकडच्या म्हशीची चौकशी केली.

म्हणजे मी कोणाला घाबरत होते? कोणीच मागे लागलेलं नव्हतं. मीच बोट धरून आणलं त्या न झालेल्या पोरीला, या घरात, आत्याबाईंच्या पुढ्यात उभं केलं. आता ती दोघींना माहीत आहे.

वरच्या फळीवरचा डबा काढला. तुकडा माझाच होता म्हणजे. चावायला गेले, दात शिरेना, इतका कडक झालाय. आणि खायचा कोणत्या तोंडाने?

मंजूला काही सांगू नका, एवढं म्हणायचं होतं आत्याबाईंना. म्हटलं नाही.

रविवार, ११ जून

मंजूचा लेख छापून आला. फोटो आहेच! खाली लिहिलंय: 'माझी आई, जिने आमच्यासाठी आवाज उठवला.' अंक उशीखाली ठेवून दुपारभर पडून राहिले. चार वेळा उघडला, चारदा मिटला.

मंजू म्हणते, यंदा मीही येणार शिंदखेड्याला शनिवारीच. मूठ नको, पण बघायचं तर आहे. आजीनेच निरोप धाडलाय म्हणे — पोरीले लई ये.

का बोलावलं असेल?

शुक्रवार, ४ ऑगस्ट

उद्या निघायचं. ताप आला तर बरं, असं वाटतंय. थर्मामीटर लावून पाहिला. नाही.

शनिवार, ५ ऑगस्ट १९९५. शिंदखेडा

दार लोटलं. बेबाबाईने यंदा मला दिलेलं सूप आत्याबाईंनी माझ्या हातातून काढून मंजूला दिलं. पाच पुरुषांच्या पाच झाल्या. सहावीला माझं नाव ओठांतसुद्धा नव्हतं. चांगल्या झालेल्या डोळ्याने माझ्याकडे बघत, मोठ्याने, रीतसर बोलल्या — "रुक्मा लीलाधर." सव्वा मूठ.

सातवी नाही.

मंजू सूप धरून तशीच. "मम्मी, रुक्मा कोण?"