मामांच्या गाडीचा जाम कॅलिपर

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (शब्दशः घ्यावा. आठवडाभर मी तुमच्या गाडीखाली आडवाच आहे.) तुमची तब्येत उत्तम असेल आणि मामींचे गुडघे आता कुरकुरत नसतील, अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. क्षेम काहीही नाही.

गाडी देताना तुम्ही म्हणाला होता, लेकरासारखी सांभाळली आहे. लेकराचे असे हाल करतात होय? पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक एकदा लागला की सुटायचं नाव घेत नाही. चाक तापतं, जळका वास सुटतो आणि गाडी सरळ जायचं सोडून शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे ओढ घेते. चाक काढून पाहिलं, तर चाकाची तबकडी चिमट्यासारखी धरणाऱ्या कॅलिपरमधला पिस्टन गंजून बसलेला. ब्रेक दाबला की पुढे यायचं, सोडला की मागे सरायचं, एवढंच त्याचं काम. पण तो ठाण मांडून बसलेल्या पाहुण्यासारखा हलेचना. (हा टोमणा तुम्हाला नाही.) स्प्रे मारला, गरम पाणी ओतलं, हातोडीने ठोकला, शिव्याही घातल्या. शेवटी पंपाने हवा मारली तेव्हा सुटला, तो ब्रेक ऑइलसकट थेट हिने वाळत घातलेल्या चादरीवर.

आता डाव्याचे एवढे लाड केल्यावर उजव्याने काय घोडं मारलं होतं? म्हणून दोन्ही खोलले, घासले, एकाच परातीत धुतले, नवे रबरी सील घालून बसवले. (परात स्वयंपाकघरातली होती. तो विषय वेगळा.)

मग खोलाखोलीत ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढायचं काम. हिने पॅडल दाबायचं, मी चाकाशी बसून कॅलिपरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा, की तेलाबरोबर आतली हवा बाहेर. "दाब", "सोड" करण्यात अख्खी दुपार गेली, पण पॅडल आपलं काही विरोध न करता तळाला! तेव्हा ही खाली उतरली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हवा वर जाते ना? मग तो स्क्रू खाली कसा? डावा उजवीकडे बसवलात वाटतं." जिने आजवर बॉनेट उघडलं नाही, तिने मला शिकवावं? मी ठणकावून सांगितलं, मामांच्या गाडीत तो खालीच असतो. तिने शांतपणे भंगारवाल्याला फोन लावला. तो पुढच्या शनिवारी येतोय.

मामा, याच गाडीत तुमच्या शेजारी बसून मी स्टिअरिंग धरायला शिकलो. ती भंगारात गेली तर मला रडू येईल, हे स्पष्ट लिहितो. आणि पंचाईत अशी, की हिचंच बरोबर आहे. मी नंतर गुपचूप पाहिलं. पण आता कोणत्या तोंडाने कबूल करू?

आपला (तेलकट) भाचा

ता. क. : पत्राचं खरं कारण हेच. (फोनवर बोललो असतो, तर हिच्या कानावर गेलं असतं.) पत्र मिळताच फोन करा, हिच्यासमोर मला चांगलं झापा आणि दोन्ही कॅलिपर अदलाबदल करायचा हुकूम सोडा. वडीलधाऱ्यांचा शब्द कसा मोडायचा, असं म्हणत मी पाना उचलेन.

ता. क. २ : फोन करू नका. मघाशी मामींचाच येऊन गेला, तोही हिला. तुम्हीसुद्धा याच गाडीचे कॅलिपर असेच उलटसुलट बसवले होते आणि चूक मामींनी पकडली होती म्हणे! गाडी देताना एवढं सांगायला काय झालं होतं? असो. भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं आहे. कॅलिपरची अदलाबदलही करून झाली. इथेच थांबतो. ही पाना घेऊन चाकाशी बसली आहे आणि मला पॅडल दाबायला हाका मारते आहे.