डाव्या खांद्यातला अर्धा इंच

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कोट शिवणे, आज पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहून ठेवते की हे माझे शेवटचे मृत्युपत्र आहे. ते मी कोणाच्याही दडपणाखाली लिहिलेले नाही. मला दडपणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. डॉक्टरांनी माझे हृदय तपासून "थकलंय" असा शेरा दिला. डोक्याबद्दल ते काही बोलले नाहीत, म्हणजे ते ठीक असावे. याआधीचे मृत्युपत्र मी नवऱ्याच्या नावे केले होते, पण हेच माझ्या आधी गेले, म्हणून ते रद्द समजावे.

कलम १. दुकान आणि वरचे घर माझ्या एकुलत्या एक मुलीला. ती बस चालवते आणि तिला सुईत दोरा ओवता येत नाही, त्यामुळे दुकान तिने स्वतः चालवू नये. ते काजवालीकडे सोपवावे. काजवाली म्हणजे सव्वीस वर्षे माझ्याकडे काज-बटण करणारी बाई. मुलीपेक्षा तिने माझी बोलणी जास्त खाल्ली आहेत.

कलम २. काजवालीला दोन्ही शिलाई मशीन, इस्त्री, मोठी कात्री आणि भिंतीवर टांगलेले सगळे फर्मे, म्हणजे कापडावर ठेवून खडूने आखायचे कागद. कापडाच्या कात्रीने ती चोरून कागद कापते हे मला ठाऊक आहे. मी इतकी वर्षे बोलले नाही, आता लेखी बोलते: कापू नये.

कलम ३. कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनरला काहीही नाही. त्याने मी शिवलेल्या एका राखाडी कोटाची बाही आखडवली आणि वर गिऱ्हाइकाला सांगितले की शिलाईच तशी आहे. मला पोचवायला त्याने यायला हरकत नाही, पण मागे उभे राहावे.

कलम ४. आतल्या कपाटात एक काळा पुरुषी कोट आहे. त्याची हकीकत सांगावी लागेल. माझ्या नवऱ्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली होता. त्रेचाळीस वर्षे मी त्यांच्या प्रत्येक कोटात डावीकडे अर्धा इंच जास्तीचे पॅड घातले, त्यामुळे चारचौघांत ते अगदी सरळ दिसत. त्यांना स्वतःलाही हे ठाऊक नव्हते. आपली ठेवणच रुबाबदार आहे अशी त्यांची समजूत होती आणि ती मी कधी मोडली नाही. ते गेल्यावर महिन्याभरात मी पियानो शिकवणाऱ्या मास्तरांचा कोट शिवला. मास्तर घालून बघतात तो डावा खांदा कानाला भिडायला निघालेला. "बाई, मी काय ओझं उचललंय का?" म्हणाले. माझा हात सवयीने त्याच मापावर गेला होता. त्यांना मी दुसरा कोट शिवून दिला आणि मग आत जाऊन पोटभर रडले. हा चुकलेला कोट ज्याच्या अंगावर सरळ बसेल त्याला फुकट द्यावा. मुद्दाम वाकडे उभे राहणाऱ्यांपासून मुलीने सावध असावे.

कलम ५. आता ताई. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिने चौतीस वर्षे शाळेत भूमिती शिकवली, आणि अजूनही ती बोलताना बोटाने हवेत रेघा मारते. हे गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी तिला विचारले, "ताई, मला परत भेटतील का गं ते?" दुसरे कोणी असते तर "हो" म्हणून मोकळे झाले असते. ताई विचार करत बसली. मग म्हणाली, "आत्मा अमर म्हणतेस ना? मग त्याला आकार असणार नाही. आकार आला की कड आली, आणि जे कुठल्यातरी कडेला संपतं ते अमर कसलं? आकारच नाही तर ओळखणार कशावरून? खुळी आहेस तू." मी तिला दार दाखवले. त्यानंतर सहा वर्षे आम्ही एकाच शहरात राहून एकमेकींशी बोललो नाही.

माझे म्हणणे येथे नोंदवते, कारण मृत्युपत्रात मधे कोणाला बोलता येत नाही. कोट विरतो. फर्म्याचा कागदही फाटतो, मग मी तोच आकार नव्या कागदावर उतरवून घेते. पन्नास वर्षांत मी कापड झिजलेले पाहिले, कागद झिजलेला पाहिला, माणसे तर पाहिलीच. आकार झिजलेला एकदाही पाहिला नाही. तेव्हा अमर व्हायला त्याच्याइतके लायक दुसरे काय आहे? माझी भीती निराळीच आहे. तिकडे म्हणे सगळे दुरुस्त करून मिळते. यांचा खांदा कोणी सरळ करून ठेवला असेल, तर मी शेजारून निघून जाईन आणि मला कळणारही नाही. मरणाची मला फारशी भीती वाटत नाही, पण याची वाटते.

तरीही दुकानामागची खोली ताईला. ती तिसऱ्या मजल्यावर राहते आणि तिचे गुडघे गेलेले आहेत.

कलम ५ मधील बदल. वरचा मसुदा मी काजवालीबरोबर ताईकडे पाठवला, शुद्धलेखन तपासून दे असा निरोप देऊन. मंगळवारी ताई स्वतःच लाल पेन घेऊन दुकानात आली.

"आलीस?" मी म्हणाले.

"चुका फार आहेत," ती म्हणाली आणि बसली. कलम ४ तिने दोनदा वाचले. "अर्धा इंच? मला कधी दिसलं नाही गं."

"दिसू नये म्हणूनच तर शिवत होते."

ताईने चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग साक्षीदार कोण आहेत ते विचारले. एक डॉक्टर होते, दुसरा मिळत नव्हता, आणि वकीलबाईंनी बजावले होते की ज्याला काही मिळणार आहे त्याची सही चालणार नाही.

"मग माझी खोली काट," ताई म्हणाली.

"अगं, गुडघे बघ तुझे!"

"गुडघ्यांचं मी बघते. तू शुद्धीवर आहेस असं साक्षीदाराने लिहून द्यायचं असतं ना? मी त्या दिवशी उलटं बोलले होते. ते मला लेखी दुरुस्त करायचंय."

यावर मी तिचे ऐकले. असे फार वेळा होत नाही, म्हणून नमूद करते. मग तिचा हात धरून तिच्याशेजारी बसले.

तेव्हा खोलीही मुलीला. तिथे तिने कोणाला ठेवावे हे मी सांगणार नाही. खोलीला जिना नाही एवढेच लिहिते. मुलगी हुशार आहे.

कलम ६. शेवटी मला माझा निळा कोट घालावा. त्यात कुठेही पॅड नाही. माझे पोक दिसते तसे दिसू द्यावे. तिकडे कोणी मला शोधत असेल तर त्याची सोय होईल.

स्थळ: दुकान, कापायचे टेबल. दिनांक: २३ ऑक्टोबर, दुपारी चार.

लिहून ठेवणार: (सही) कोटवाली मावशी, सगळे म्हणतात तीच.

साक्षीदार १: (सही) डॉक्टर. डोकेही तपासले. ठणठणीत आहे.

साक्षीदार २: (सही) थोरली बहीण. लिहून ठेवणारीने माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली. ती खुळी नाही आणि कधीच नव्हती. आत्म्याला आकार असतो की नाही, ते मला माहीत नाही. त्या दिवशीही माहीत नव्हते. तू माझ्याआधी गेलीस तर मला शोधत फिरू नकोस. मी पोचले की तुला हाक मारीन, आणि तू उलट उत्तर देशील. तेवढ्यावरून मी तुला ओळखेन.