बांगडीतली पिन

ती. बाबा,

इथूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. जेवते, झोपते. थंडी आहे, पण स्वेटर पुरतोय. तुमचा डबा वेळेवर येतो ना? गास गावाहून आत्या अजून भाजी पाठवते का?

आई आपल्या मनवेलपाड्यात सांगायची, संपदा जर्मनीत मायक्रोवेव्हवर काम करते. मग बायका मला केकची रेसिपी विचारायच्या. खरं काम असं, की प्रकाश पडला की रेणूचे दोन तुकडे होतात. ते पुन्हा जुळतील की लांब जातील, ते आम्ही चुंबकाने आणि मायक्रोवेव्ह लहरींनी बदलून बघतो.

काल आईची बांगडी घालून लॅबमध्ये गेले. तिने अडकवलेली सेफ्टी पिन काढायला विसरले. चुंबकाजवळ हात नेला, तर पिन ताठ झाली आणि कुणी मनगट धरून ओढावं तसा हात ओढला गेला. सगळे ओरडले. मी नुसती बघत राहिले. आई गेल्याचा तुमचा फोन आला, तेव्हाही अशीच बघत होते. रडू अजून आलेलं नाही. काळजी करू नका.

तिच्या बाकीच्या बांगड्यांत पिना असतील, त्या तशाच राहू द्या. बिल्डिंगमधलं कुणी नेहमीसारखं पिन मागायला आलं, तर संपल्या म्हणून सांगा.

तुमची,
संपदा