पेटवणाऱ्या कांडीचा स्क्रू

पाउलारो, ९ नोव्हेंबर

चि. दुलियोस एर्सिलियाताईचे आशीर्वाद.

वि. वि. फोनवर तुला ऐकू जावे म्हणून ओरडावे लागते आणि मग तुझी लेक नोएमी सगळे ऐकते. म्हणून हे पत्र. तिने बसवून दिलेली, भुशाच्या लाकडी गोळ्यांवर चालणारी विजेची शेगडी चार दिवस पेटत नाही. तिची अट तुझ्यासमोरच ठरली होती: आत्याने बटण दाबून घर गरम ठेवले तर इथे एकटीने राहावे, नाहीतर मुकाट्याने डोंगराखाली वृद्धाश्रमात यावे. मी ती मान्य केली होती. मान्य केलेल्या अटीशी भांडू नये, असे चाळीस वर्षे तर्कशास्त्राच्या तासाला मीच सांगत आले.

गोळ्या आतल्या जळणाच्या वाटीत पडतात, पंखा फिरतो, पण वीस मिनिटांनी यंत्र हार मानते. वाटीची भोके मी सुईने मोकळी केली. गोळ्या कोरड्या आहेत. कारागीर नोएमीचा वर्गमित्र. त्याला बोलावणे म्हणजे तिलाच कळवणे. शिवाय तो डिसेंबरपर्यंत मोकळा नाही.

लोभ आहेच, या खेपेस मौनही असावे.

एर्सिलिया

उदिने, १३ नोव्हेंबर

ती. ताईस दुलियोचा सा. न.

वि. वि. पाकीट पाहून नोएमीने विचारले, आत्याला या वयात प्रेमपत्रे सुचू लागली की काय. मी सोयीस्करपणे बहिरा झालो.

तू बाकी सारे वगळलेस, तेव्हा उरते ती पेटवणारी कांडी. ती लाल तापते तेव्हाच गोळ्या पेट घेतात. ओळखीच्या दुकानदाराकडून मागवलेली नवी सोबत पाठवतो. आयुष्यभर वायरमनकी केली, एरवी मीच आलो असतो. पण नाकात प्राणवायूची नळी घेऊन मला आमचा जिनाही उतरवत नाही.

शेगडी थंड होऊ दे आणि प्लग काढ. नुसते बटण बंद करून भागणार नाही. उजवा पत्रा उघड. वाटीमागच्या नळीत कांडी दिसेल: दोन वायरी, एक बारीक स्क्रू. स्क्रू फक्त सैल कर आणि वायरी सोडवून जुनी ओढून काढ. नवी कांडी जुनीइतकीच आत सरकव; मागे राहिली तर नुसती हवा तापेल. कांडी बसेपर्यंत गोळ्यांवर पेटवणीची वडी ठेवून काडी लाव आणि दार लगेच बंद कर. चुकलीस तर जरूर कळव, साठ वर्षे त्याची वाट पाहतो आहे.

तुझा,
दुलियो

पाउलारो, २० नोव्हेंबर

चि. दुलियोस आशीर्वाद.

वि. वि. तुझे निदान बरोबर. कांडीचे टोक तडकले आहे. पत्रा उघडायला सकाळ गेली, पण उघडला. स्क्रू मात्र फिरत नाही. म्हणजे स्क्रू फिरेल. माझी बोटे फिरत नाहीत. मुठीला फडके गुंडाळले, दोन्ही हात लावले. कारण ठाऊक आहे, उपाय ठाऊक आहे, नवी कांडी टेबलावर आहे, आणि यातून काहीही निष्पन्न होत नाही.

पत्रा परत लावून वडीने पेटवते. त्यासाठी गुडघे टेकावे लागतात. काल टेकले ते तीन तास उठता आले नाही. हाक मारावी तर शेवटचे शेजारी ऑक्टोबरातच खाली राहायला गेले. नोएमीला यातले अवाक्षर सांगू नकोस.

एर्सिलिया

उदिने, २३ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

तीन तास! मी अजून बोललेलो नाही. नोएमी सूप वाढताना विचारते, बाबा, जेवत का नाही. मी ऐकू न आल्याचे दाखवतो. तू मला शब्दातून मोकळे केल्याशिवाय बोलणार नाही, पण ताई, मला हे झेपत नाही.

दुलियो

पाउलारो, २६ नोव्हेंबर

चि. नोएमीस आत्याचे आशीर्वाद.

वि. वि. तीन आठवडे शेगडी बटणाने पेटत नाही. तुझ्या बापाला हे ठाऊक होते. त्याला मी गप्प बसवले. त्याच्यावर रागावू नकोस.

शनिवारी ये. बारीक टोकाचा स्क्रूड्रायव्हर आण. नवी कांडी टेबलावर आहे. पाच मिनिटांचे काम. ते झाले की तुझी अट अक्षरशः पुरी होईल, आणि मी इथेच राहते म्हटले तर तुला खोडून काढता येणार नाही. मी तसे म्हणणार नाही. पेटलेल्या शेगडीपुढे मला फरशीवरून उठता आले नाही, आणि ते कांडीने दुरुस्त होणारे नाही. वृद्धाश्रमाचा अर्जही घेऊन ये.

सही नंतर करीन. आधी कांडी बसव. मला एकदा खुर्चीत बसून बटण दाबायचे आहे.

माया राहू दे.

एर्सिलिया आत्या