ह्या वयात कशाला?

३ मार्च

फुप्फुसात गाठ. कॅन्सरची. लिहून टाकलं एकदाचं.

५ मार्च

वजन कधीपासून उतरतंय, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी ठासून सांगितलं, उतरलंच नाही, सगळे कपडे अंगाबरोबर बसतात. आणि बोलता बोलताच उमगलं. बसणारच! जन्मभर शिवणकाम केलेली बाई मी. कपडा ढिला वाटला की मशीनवर बसायचं, दोन्ही बाजूंनी शिवण आत घ्यायची, मोकळं. वर्षभर हेच चाललं होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही — माझ्यासुद्धा!

डॉक्टरीण वयानं लहान आहे, माझं मशीन तिच्याहून थोरलं. पण नीट समजावून सांगते. वय वाढतं तशा पेशींमध्ये चुका साठत जातात. तरुणपणी प्रतिकारशक्ती त्या हेरते आणि निकालात काढते. उतारवयात नव्या दमाच्या पेशी कमी तयार होतात, जुन्या थकतात, मग एखादी बिघडलेली पेशी नजरेतून सुटते. गेल्या वर्षी नागीण उठली होती, तीही त्याच थकव्यामुळे असेल म्हणाली. संताप आला. पण काढायचा कुणावर? स्वतःच्या रक्तावर?

८ मार्च

ताई — माझी थोरली बहीण, आम्ही दोघीच राहतो — चहा ढवळत म्हणाली, "ह्या वयात कशाला सुया टोचून घेतेस? आहे ते असू दे." मुलाला फोन केला तर तोही मावशीचीच री ओढतो. त्याला सुनावलं, सही अजून माझीच चालते! आणि फोन ठेवून दिला.

घाबरले आहे मी. चांगलीच घाबरले आहे. पण मला जगायचंय, आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागणार नाही.

९ मार्च

सरळच विचारलं — म्हातारीवर औषध वाया जाईल का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी नुसतं वय बघत नाही. तुम्ही जिना चढून आलात, तेही बघते." त्या देणार त्या इंजेक्शनांनी प्रतिकारशक्ती पुन्हा कामाला लागते, पण सगळ्यांनाच लागू पडतात असं नाही. ठोकली सही.

२ एप्रिल

इंजेक्शनांनी अंगभर खाज. जेवण नको, माणसं नकोत. ताई पाठीला मलम लावत होती आणि पुटपुटत होती की सांगितलं होतं मी. तिच्या हातून डबी हिसकावून घेतली. पाठीला हात पोहोचेना, मग मुकाट्यानं परत दिली.

१४ मे

गाठ आक्रसली! गेलेली नाही, पण आक्रसली. म्हातारं रक्त लढलं की!

ताईला दारातूनच सांगितलं. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. सख्खी बहीण, आणि तिला माझं चांगलं झालेलं बघवत नाही? फार लागलं मनाला. आज तिच्याशी अबोला.

१५ मे

सकाळी ताई मशीनपाशी आली. माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. कपड्यावरूनही लागली — टणक, लिंबाएवढी.

"दोन वर्षं झाली," म्हणाली. "मलाही घेऊन चल."