बल्ब विझला होता, अप्पा

अप्पा, तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे मी आता आले आहे, तरी ती दुपार अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. लढाईनंतर लष्कराने विकून टाकलेली ती मोटरसायकल तुम्ही ओरत्तनाडूहून बैलगाडीत घालून आणलीत, तेव्हा मी मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते. तुम्हाला अर्धांगाचा झटका येऊन वर्ष झालं होतं आणि उजवा पाय ओढत होता. त्या पायाने किक बसेना, म्हणून तुम्ही भंगारातल्या एका छोट्या मोटारगाडीचा, बटणावर चालणारा स्टार्टर तिला लावायचं ठरवलंत. लेथवाल्याने दातेरी चक्र कातून दिलं. रंग तुम्ही दिलात, वायरीही तुम्हीच ओढल्यात. आणि म्हणालात, "तिरुवैयारुला जाऊन कावेरी बघून येतो. एकटाच." त्या 'एकटाच'ची मला भीती वाटली. आई नव्हती. त्याच्या दोनच महिने आधी तुम्ही विहिरीपाशी पडलात, ते मी शाळेतून येईपर्यंत तिथेच पडून होतात.

बटण दाबलं की टक् असा आवाज येई, बस्स. स्टार्टर फिरत नसे. तुम्ही सीटवर बसून बटण दाबताहात आणि मी खाली, इंजिनाच्या पलीकडे, वीज पोचते का ते बघायचा दोन वायरींचा बल्ब धरून उकिडवी बसले आहे. बॅटरीवर बल्ब लख्ख. स्टार्टरपर्यंत आलेल्या जाड वायरीवर लख्ख. "आता एक टोक तिथेच ठेव, दुसरं इंजिनाच्या अंगाला लाव," तुम्ही सांगता. मी लावते, तुम्ही बटण दाबता, आणि बल्ब विझतो. मला तेव्हाच कळलं. इंजिनातून परत बॅटरीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी तुम्ही ताज्या रंगावरच आवळली होती. वीज जायला पुरेशी वाटच नव्हती. दोन मिनिटं तो रंग घासला असता तर गाडी सुरू झाली असती. पण मला तिरुवैयारुचा कालव्याकाठचा रस्ता दिसला, आणि पाय टेकवता न आल्याने आडवे झालेले तुम्ही.

"काय मा, पोरी? पेटला?"

"लख्ख आहे, अप्पा."

मला वाटलं होतं, तुम्ही कंटाळाल आणि गाडी विकाल. पण वीज पोचतेय म्हणजे दोष स्टार्टरातच, असं धरून तुम्ही स्टार्टरच उघडलात. चार दिवस त्याची गुंडाळी, त्याचे ब्रश, सगळं पुन्हा पुन्हा तपासलंत. वायरिंगचं चित्र माझ्या वहीच्या पाठीवर काढलंत, खोडलंत, परत काढलंत. पाचव्या दिवशी शाळेतून आले तर तुम्ही सुटे भाग पुढ्यात घेऊन नुसते बसला होतात, सांबार-भात तसाच वाळलेला. माझ्याकडे न बघता म्हणालात, "सगळं बरोबर दिसतं गं, आणि चालत नाही. पायाबरोबर माझं डोकंही गेलं का? खरं सांग, मी बोलतो ते तुला नीट समजतं ना?" तीस वर्षं गावोगावचे विजेचे खांब आणि तारा सांभाळलेला माणूस मला हे विचारत होता. तुम्ही पडाल ही माझी भीती मोठी होती, पण डोकं गेल्याची तुमची भीती तिच्याहून मोठी निघाली, आणि ती तुमच्यात मीच घातली होती.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. पट्टी, रंग, विझलेला बल्ब.

तुमचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं, दुसरा झटका येतोय. मग म्हणालात, "भयम वाटलं तर भयम वाटलं म्हण. मी ओरडलो असतो, गेलोही असतो कदाचित. पण बल्ब विझलेला असताना पेटला म्हणायचं नाही. तू म्हणशील त्यावर मी वायरीला हात लावतो." आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो अजून ऐकू येतो. स्टार्टर परत बसवायला दोन दिवस लागले. मग तुम्ही पॉलिशपेपर माझ्या हातात दिलात. खालचा धातू उघडा, चकचकीत होईपर्यंत मी घासला, पट्टी आवळली. बटण दाबताच इंजिन असं गरजलं की मी मागे जाऊन भिंतीला आपटले. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "मागे बस. गाडी थांबली की पाय तू टेकवायचे."

आपण तिरुवैयारुला गेलो. पुलाआधी समोरून बस आली, गाडी डगमगली, तुम्ही ब्रेक दाबलात आणि मी दोन्ही पाय रोवून ती तोलून धरली. पुढे तुमच्या पायात बळच उरलं नाही, आणि ती फेरी एकच झाली. दीड वर्षाने तुम्ही गेलात ते तुमच्या खाटेवर, झोपेत.

हे पत्र लिहून काय करायचं, मला माहीत नाही. पाठवायला पत्ता नाही. पण परत आल्यावर तुम्ही विचारलं होतं, कालव्याच्या दोन्ही बाजूंचा हिरवागार भात पाहिलास का, आणि मी हो म्हटलं. पाहिला नव्हता, अप्पा. बस येईपर्यंत आणि ती गेल्यावरही, सगळी वाट मी तुमच्या पाठीला कपाळ टेकून डोळे मिटून बसले होते.